शेगडी आधी बाहेर काढा

बाळंतिणीच्या बंद खोलीत पेटती शेगडी ठेवू नका. मला सांगायचंय ते एवढंच आहे. ज्यांना हे पटलं त्यांनी इथेच वाचणं थांबवून कामाला लागलं तरी माझी काही हरकत नाही. पण आमच्या घरच्या मंडळींना मी ओळखते. पुराव्याशिवाय तिथे पान हलत नाही, आणि पुरावा दिला तरी "बघू" म्हणतात. तेव्हा सविस्तरच लिहिते.

तर झालंय असं, की येत्या पौषात माझी भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतेय. माहेर म्हणजे वाटूर. (बाहेरच्या वाचकांसाठी: जालन्याहून मंठ्याकडे जाताना जिथून परतूरचा रस्ता फुटतो तो वाटूर फाटा. बस तिथे थांबली की लोक चहाला उतरतात. त्याच फाट्याचं हे गाव.) मराठवाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फक्त मे महिना येतो. पौषातली पहाट त्यांनी पाहिलेली नसते. शेजारच्या परभणीत, कृषी विद्यापीठाच्या आवारात, डिसेंबर २०१८च्या अखेरीस पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरला होता. काळ्या रानातून येणारा तो वारा वाकळेच्या आत शिरतो. म्हणजे थंडी खरी आहे आणि बाळाला ऊब हवी हेही खरं आहे. यावर आमचं भांडण नाहीच.

भांडण आहे ते वहिनीने माळ्यावरून काढून घासून ठेवलेल्या शेगडीवर. मी नको म्हटलं. त्यावर आत्याने आपला हुकमी एक्का टाकला. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, अमेरिकेत सिअॅटलजवळ असतो. त्याला शिडाच्या होडीचं वेड आहे. जुनी तीसेक फुटी होडी त्याने हौसेने दुरुस्त केली आणि सुट्टी मिळाली की तिच्यातच जाऊन राहतो. तिथला हिवाळा म्हणजे बर्फ कमी नि पाऊस फार. होडीच्या पोटातल्या खोलीत सगळं ओलं, भिंतींना घाम, अंथरूण दमट. म्हणून त्याने तिथे एक छोटीशी लाकडाची शेगडी बसवून घेतलीय. तिच्यासमोर पाय पसरून कॉफी पितानाचा फोटो त्याने घरच्यांना पाठवला होता. आत्याने तो फोटो माझ्यापुढे धरला नि म्हणाली, "बघ. माझा लेक अमेरिकेत जाऊनसुदीक शेगडीच पेटवतो. त्याची खोली आपल्या बाळंतिणीच्या खोलीहून लहान हाय. त्याला काई होत नाई, मग हितंच काय होतंय?"

मला हा प्रश्न मनापासून आवडला. खरंच सांगते. कारण खोल्यांची तुलना अगदी बरोबर आहे. दोन्ही लहान, दोन्ही बंद, दोन्हीत माणूस झोपलेला आणि दोन्हीत विस्तव. मग फरक कुठे आहे?

आत्या, फोटो पुन्हा एकदा बघ. शेगडीच्या डोक्यावर एक नळी दिसते. पॉलिश केलेली आहे म्हणून शोभेची वाटते. ती तीन इंच व्यासाची धुराची नळी आहे. ती सरळ वर जाते, होडीचं छत भेदून बाहेर निघते आणि बाहेर तिच्यावर टोपी आहे, लाट किंवा पाऊस आत येऊ नये म्हणून. शेगडीला घट्ट बसणारं दार आहे. म्हणजे विस्तव लोखंडाच्या पेटीत बंद आहे. खोलीत येते ती फक्त लोखंडाची आच. लाकडातून निघालेला प्रत्येक वायू नळीवाटे आभाळात जातो. आणि आत जळायला लागणारी हवा? त्यासाठी छतावर वेगळं झरोक्यासारखं तोंड आहे. ते त्याने बंद केलेलं नाही, कारण बंद केलं तर नळीला ओढच राहणार नाही. आणखी एक. फोटोत डाव्या कोपऱ्यात भिंतीला पांढरी डबी चिकटवलेली दिसते ना? ती कार्बन मोनॉक्साइडची घंटा. एवढं सगळं केल्यावरही त्याचा विस्तवावर पूर्ण विश्वास नाही, म्हणून ती डबी. इंग्लंडमध्ये कालव्यांवर कित्येक लोक अशा होड्यांत बारा महिने राहतात. तिथल्या बोट-सुरक्षा नियमांत १ एप्रिल २०१९ पासून राहत्या होड्यांना ही घंटा सक्तीची केलीय. लाकडाच्या शेगडीच्या मोहक फोटोंमागे हे सगळं असतं. तुझ्या लेकाने होडीत शेगडी बसवली, त्याआधी धुराडं बसवलं.

आता आपली खोली पाहू. भावाने तीन वर्षांपूर्वी घर नव्याने बांधलं. दहा बाय दहाची खोली, नऊ फुटांवर स्लॅब, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, दाराला खालून रबराची पट्टी (पाली येतात म्हणून). बाळंतीण येणार म्हणून खिडकीला जाड पडदा आणि त्यावर पुन्हा चादर, "वारं लागू नये" म्हणून. मध्ये बाज. बाजेखाली अंगणात पेटवून लाल केलेले बाभळीचे निखारे, वर ओवा, बाळंतशेपा, वावडिंगाची धुरी. धूर डोळ्यांत जायचा थांबला, निखारे नुसते लाल राहिले, की वर थोडी राख पसरायची, म्हणजे रात्रभर पुरतात. दार ओढून घ्यायचं. झालं.

ह्यात धुराडं कुठे आहे?

"अगं, पण निखाऱ्याला धूर कुठे असतो?" हे सगळ्यांचं ठरलेलं उत्तर आहे. आणि माझा सगळा राग ह्याच वाक्यावर आहे. धूर नाही म्हणजे धोका नाही, हे जिने प्रथम सांगितलं तिने आपल्या बायकांचं मोठं नुकसान केलंय. धूर हा चोर नव्हे, राखणदार आहे. तो डोळ्यांत जातो, खोकला आणतो, माणसाला उठवून बाहेर काढतो. निखारा करताना आपण आधी राखणदाराला घालवतो आणि मग खऱ्या चोराला घरात घेऊन दार लावतो.

चोर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. ह्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. निखाऱ्यांवर कधीकधी निळसर ज्योत नाचते ना, ती पाहायला फार छान वाटते. तो हाच वायू जळत असतो. खालून शिरलेल्या हवेतला प्राणवायू कोळशाशी जुळून आधी कार्बन डायऑक्साइड होतो; तो वरच्या लाल थरातून जाताना आणखी कार्बन उचलतो नि मोनॉक्साइड होतो. वर ज्योत असेल तर त्यातला बराच जळून जातो. ज्योत बसली, राख पसरली, की तो न जळताच खोलीत येतो. म्हणजे ज्या क्षणी आपण म्हणतो "आता शेगडी आत न्यायला हरकत नाही", नेमका तो क्षण सगळ्यात वाईट.

आणि तो किती लागतो? आमच्या घरात तोंडी बोलणं कुणी ऐकत नाही, म्हणून हिशोबच मांडते. दहा बाय दहा बाय नऊ फूट म्हणजे साधारण पंचवीस घनमीटर हवा. शेगडीत पाव किलो निखारे धरा, जास्त नाही. त्यात दोनशे ग्रॅम कार्बन. त्यातला फक्त दहावा हिस्सा, वीस ग्रॅम, मोनॉक्साइड झाला असं धरा, म्हणजे वायू भरला सुमारे सत्तेचाळीस ग्रॅम. हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत त्याचं प्रमाण दहा लाखांत सोळाशे भाग होतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण सोळाशे भागांना माणसाचं डोकं वीस मिनिटांत दुखू लागतं, चक्कर येते, मळमळतं. एक-दोन तासांत मृत्यू येऊ शकतो. पाव किलो, बरं का. आमच्या शेगडीत किलोभर सहज मावतात. खोलीला थोड्या फटी असतात, हवा थोडी बदलते, म्हणून रोज कुणी मरत नाही. आपण ज्याला "काही होत नाही" म्हणतो तो फटींचा पराक्रम आहे.

रक्तातला लाल पदार्थ ह्या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट धरतो. एकदा बसला की साध्या हवेत निम्मा उतरायलाच चार-पाच तास लागतात. म्हणजे सकाळचा शेक उतरतो न उतरतो तोच दुपारचा चढतो. आणि बाळ? नवजात बाळ मिनिटाला चाळीस ते साठ श्वास घेतं. मोठं माणूस बारा ते वीस. त्याच खोलीत, त्याच बाजेवर, अंगाच्या मानाने सगळ्यात जास्त विष सगळ्यात लहान जीव ओढतो. त्याला बोलता येत नाही. ते फक्त सुस्तावतं. आणि आपण म्हणतो, शेक लागला, बाळ कसं गाढ झोपलंय बघ!

आता आजीचा दाखला. "आमच्या येळेला सा-सा बाळंतपणं झाली ह्याच शेगडीवर." मान्य. पण आजीचं घर कोणतं होतं? माळवदाचं. माळवदाला साणं होतं, म्हणजे उजेडासाठी नि धुरासाठी छताला मुद्दाम ठेवलेलं भोक. पाऊस आला की त्यावर परात पालथी घालायची, एरवी ते उघडंच. दाराच्या फळ्यांमधून बोट जायचं. ज्यांची घरं पत्र्याची, त्यांच्या भिंतीच्या नि पत्र्याच्या मधून चिमण्या ये-जा करायच्या. त्या घराला साण्याच्या रूपाने धुराडं होतंच की! आजी अडाणी नव्हती. तिच्या घराला नाक होतं. आपण घर बदललं, त्याचं नाक बुजवलं, आणि शेगडी मात्र तीच आणून ठेवली. परंपरा पाळायचीच असेल तर साण्यासकट पाळा ना. स्लॅबला भोक पाडायला तयार आहे का कुणी?

मी ह्यावर एवढी तावातावाने बोलते त्याला कारण आहे. माझं थोरलं इथेच, वाटूरलाच झालं, आणि सव्वा महिना मी अशाच खोलीत काढला. तेव्हा जुनं घर पाडून पुढच्या दोन खोल्या नुकत्याच सिमेंटच्या केल्या होत्या आणि कौतुकाने मला त्यांतली एक दिली होती. रोज पहाटे डोकं असं ठणकायचं की उजेड नको वाटायचा. मळमळ. हातपाय गळून गेलेले. न्हाणीसाठी मागच्या अंगणात गेले की अर्ध्या तासात बरं वाटायचं. परत खोलीत आले की दुपारी पुन्हा तेच. सगळ्यांनी निदान केलं, "वारं लागलं." अंगणात जाते म्हणून लागलं! मग खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि शेगडीत दोन निखारे वाढवले. दुखणं वाढलं की औषध म्हणून दुखण्याचं कारणच वाढवायचं, असं ते चक्र. एकदा पहाटे उठायला गेले आणि दाराशीच कोसळले. अशक्तपणा म्हणून डिंकाचे लाडू वाढले. लाडू चांगले होते, तक्रार नाही. पण त्या दिवशी दार उघडलं गेलं ते मी पडले म्हणून, आणि ज्या रात्री कुणी पडत नाही, नुसतं झोपून राहतं, त्या रात्री दार कोण उघडतं?

म्हणूनच एक खूण सांगून ठेवते. खोलीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखतंय, बाहेर गेलं की उतरतंय, आत आलं की चढतंय, तर तो वारा नव्हे, बाधा नव्हे, अपचनही नव्हे. आधी दार-खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा, मग दवाखाना गाठा आणि तिथे "बंद खोलीत शेगडी होती" हे शब्द स्वतःहून सांगा. कारण करोनात घरोघरी आलेलं ते बोटाला लावायचं यंत्र इथे चक्क खोटं बोलतं. त्याला प्राणवायू धरलेलं रक्त आणि मोनॉक्साइड धरलेलं रक्त ह्यांतला फरक कळत नाही. रुग्ण बेशुद्ध पडत असताना ते अठ्ठ्याण्णव दाखवू शकतं. भाऊ म्हणाला होता, "यंत्र आहे ना घरात, लावून बघत जाऊ." दादा, ते यंत्र ह्यासाठी नाही.

दुसरी समजूत परातीची. खोलीत पाण्याची परात ठेवली की पाणी गॅस ओढून घेतं म्हणतात. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. परातीने हवेचा कोरडेपणा कमी होईल, एवढंच. तिसरी समजूत, "खिडकी बोटभर उघडी ठेवतो." बोटभर खिडकीने आतेभावाच्या नळीला ओढ मिळते, कारण त्याचा विस्तव पेटीत आहे आणि घाण न्यायला वेगळा रस्ता आहे. आपल्या उघड्या शेगडीची घाण मात्र आधी खोलीभर पसरते, मग तिची मर्जी लागली तर बोटभर फटीतून थोडी बाहेर जाते. हा वायू हवेपेक्षा जडही नाही की खाली बसावा. तो सगळीकडे सारखा मिसळतो. बाजेवर, पाळण्यात, सगळीकडे.

हे फक्त गावातल्या बायकांचं अज्ञान आहे असं कुणी शहरी मंडळींनी समजू नये. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक एका रिसॉर्टच्या खोलीत मेले, त्यांत चार लहान मुलं. खोलीत गॅसचा हीटर होता आणि दारं-खिडक्या आतून बंद होत्या. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरात एकाच कुटुंबातले पाच जण, तीन मुलांसह, असेच झोपेत गुदमरून गेले. थंडीत जन्मलेली, विस्तवाशी पिढ्यान्‌पिढ्या ओळख असलेली माणसं ती. आणि धुराडं असलं की झालं, असंही नाही. एमिल झोला हा एवढा मोठा फ्रेंच लेखक, १९०२ साली पॅरिसमधल्या आपल्या घरात ह्याच वायूने गेला, कारण धुराडं तुंबलेलं होतं. शहरातल्या आपल्या फ्लॅटांत न्हाणीघरात बसवलेले गॅस गिझर हेही ह्याच घराण्यातले. दोन बाय चारच्या बाथरूममध्ये दार लावून गिझर पेटवणाऱ्याने बाळंतिणीच्या शेगडीला हसू नये.

गंमत अशी की धुराडं आपल्याला परकं नाही. आठवा तो तांब्याचा बंब! मधोमध उभी नळी, नळीत ढलप्या आणि कोळसे, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. विस्तव नळीत, ऊब पाण्यात, धूर वरून बाहेर. आतेभावाच्या होडीतली शेगडी आणि आपला बंब एकाच डोक्यातून निघालेत. आंघोळीच्या पाण्यासाठी आपल्याला हे सुचलं आणि बाळंतिणीसाठी सुचलं नाही, ह्याचं मला फार वाईट वाटतं. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या मंडळींनी धुराड्याची "मगन चूल" तयार केली, तिलाही आता पाऊणशे वर्षं होऊन गेली. पुढे १९८०च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तो २००२ पर्यंत चालला. गावोगाव चुली बसवल्या, पाइप उभे राहिले. मग पाइप तुंबले, तडकले, कुणी काढून गोठ्याला लावले. ओडिशात अशा चुलींचा काही वर्षं पाठपुरावा करून अर्थतज्ज्ञांनी एक अभ्यास केला. पहिल्या वर्षी धूर कमी झालेला दिसला, नंतर फरक उरला नाही, कारण चुली नीट वापरल्या नि सांभाळल्या गेल्या नाहीत. ह्यावरून "चुलीत काही अर्थ नव्हता" असं म्हणणारे आहेत. मला उलट वाटतं. आपण मोटारसायकलचं ऑइल वेळेवर बदलतो. धुराड्यात वर्षातून दोनदा काठीला चिंधी बांधून फिरवायला कुणाला वेळ नसतो, कारण तो धूर घरातल्या पुरुषाच्या नाकात जात नाही. (हे वाक्य भावासाठी नाही. भावासाठीच आहे.)

२०१६ पासून उज्ज्वला आली, देशभर दहा कोटींहून जास्त जोडण्या झाल्या, आणि स्वयंपाकाचा धूर पुष्कळ घरांतून कमी झाला हे चांगलंच आहे. पण सिलिंडर स्वयंपाकाला. पाणी तापवायला पऱ्हाट्या-तुराट्या, आणि शेकायला निखारे, हे वाटूरला अजून तसंच आहे. अंगणात पऱ्हाट्या पेटवून पाणी तापवा, माझं काही म्हणणं नाही. आभाळाएवढं धुराडं आहे तिथे.

आता थोडं त्या दुसऱ्या बाजूच्या लोकांबद्दल, जे माझ्या बाजूचे आहेत असं त्यांना वाटतं. "सगळ्या अंधश्रद्धा आहेत, बंद करा" एवढं बोलून जे निघून जातात ते. डॉक्टर असोत, शिकलेले जावई असोत. त्यांनी एकदा पौषात पहाटे चार वाजता त्या खोलीत ओलं बाळ बदलून दाखवावं. नवजात बाळाला थंडी सोसत नाही, हे आत्याचं म्हणणं शंभर टक्के शास्त्राचं आहे. त्याच्या अंगाचं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीसच्या मध्ये राहायला हवं, प्रसूतीची खोली निदान पंचवीस अंश असावी, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आत्याचं ध्येय बरोबर, साधन चूक. आणि "साधन चूक" म्हणणाऱ्याने दुसरं साधन हातात दिलं पाहिजे, नाहीतर त्याने गप्प बसावं.

म्हणून मी वहिनीला काय सांगितलं ते लिहिते. विस्तव बाहेर, ऊब आत. अंगणात चूल पेटवा, तिच्यावर विटा तापवा, जाड फडक्यात दोन वेढे गुंडाळून बाजेखाली ठेवा. मिठाची नाहीतर वाळूची पुरचुंडी बाहेर तव्यावर तापवून आणा आणि कंबर शेका. शेक तोच, उलट जास्त नेमका. गरम पाण्याची रबरी पिशवी अंथरुणात आधी ठेवा आणि बाळ ठेवताना काढून घ्या, बाळाचं अंग फार नाजूक असतं. टोपडं, पायमोजे, दुपटं. सगळ्यात मोठी शेगडी म्हणजे आई: बाळ उघडं करून आईच्या उघड्या छातीशी धरायचं आणि दोघांना मिळून एकच वाकळ. कांगारूसारखं. दवाखान्यात कमी वजनाच्या बाळांना हेच करतात. वीज असेल तेव्हा तेलाचा विजेचा हीटर, त्यात काही जळत नाही म्हणून हा वायूही नाही. धुरी हवीच असेल तर ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगा. वास तोच येतो. (बाळाच्या नाकापाशी तीही नको.)

आणि समजा एवढ्याने भागत नाही, खोलीत विस्तवच हवा, तर मग होडीतल्यासारखा आणा. परतूरला, जालन्याला पत्र्याचं काम करणारे काय कमी आहेत? जाड पत्र्याची, दाराची पेटी, वर लोखंडी नळी, नळी भिंतीतून किंवा छतातून बाहेर, घराच्या माथ्याहून दोन-तीन फूट उंच, वर टोपी. भिंतीच्या खालच्या बाजूला हवेला तोंड, आणि ते तोंड कुणीही चिंधीने बुजवायचं नाही. नळीभोवती पडदा, लाकूड, कपडे काही नको. वर्षातून दोनदा नळी साफ. भिंतीला ती घंटा. गावातली जी मुलं फौजेत काश्मीर-लडाखकडे राहून आलीत त्यांना विचारा, तिथली बुखारी अशीच असते, पाइपाशिवायची बुखारी बुखारीच नव्हे. नळीने आणखी एक फायदा. किलोभर सुकं लाकूड जळताना अर्धा लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन निघतं. नळी ते बाहेर नेते, म्हणून आतेभावाची ओलीचिंब होडी कोरडी होते. आपली उघडी शेगडी हवा नासवते, ती नासवते, वर भिंतींना घाम.

हे सगळं मी परवा फोनवर सांगितलं. आत्या गप्प बसली, जी तिच्या बाबतीत मोठीच घटना आहे. मग म्हणाली, "नळी घालायला भिंतीला भोक पाडावं लागंल. नव्या भिंतीला?" मी म्हटलं, हो. त्यावर भाऊ लगेच म्हणाला की भिंतीला भोक नको, तुझा तो हीटर आणि विटाच बऱ्या. :-) नव्या भिंतीच्या प्रेमाने का होईना.

वहिनी शेगडीचं काय करायचं विचारत होती. ती मागच्या अंगणात तुळशीपलीकडे ठेवायची आहे, तिच्यावर विटा तापवायला. उंबऱ्याच्या आत नाही. भाचीला मी हे वेगळं सांगितलंय, आणि तिने नवऱ्यालाही सांगून ठेवलंय, म्हणजे मी तिथे नसताना कुणी "एकच रात्र, फार थंडी आहे" म्हणून आत आणली तर तिला दोघांचा पाठिंबा असेल.

ता. क. : आतेभाऊ डिसेंबरात येतोय. चॉकलेटं नकोत, ती घंटा दोन नग आण, असं कळवलं आहे. एक बाळंतिणीच्या खोलीत आणि एक भावाच्या गॅस गिझरच्या बाथरूमबाहेर. त्याबद्दल भावाशी वेगळं बोलायचंय.